बाईंना सगळं कळतं

“थांबा, थांबा! ते म्हणतायत, आधी मागची चाकं उचला,” बाई खालच्या पायरीवरून ओरडल्या.

ते काहीच म्हणत नव्हते. पक्षाघाताचा झटका आला त्याला दोन वर्षं होत आली होती आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द असा निघालेलाच नव्हता. चाकाच्या खुर्चीत ते गळ्यापर्यंत शालीत गुंडाळून बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, डावा तेवढा शालीबाहेर. मुलगी मागून आणि जावई पुढून अशी ती खुर्ची धरून लाकडी पायऱ्या चढवायचा खटाटोप चालला होता, आणि थंडी अशी की दोघांच्याही तोंडातून वाफ निघत होती. पण बाईंनी सांगितलं म्हणजे सांगितलं. मागची चाकं उचलली गेली, खुर्ची व्हरांड्यात आली, आणि खरंच काम सोपं झालं.

“बघा,” बाई म्हणाल्या, “त्यांचंच बरोबर होतं.”

जावयानं हसून सासऱ्यांकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही बोलत होतात तेव्हा एवढे सल्ले देत नव्हतात हं.”

हे मात्र खरं होतं. उस्ताद मुळातच अबोल माणूस. कारखान्यात सगळे त्यांना उस्ताद म्हणत, पण ही उस्तादी कसली ते घरात कुणाला फारसं माहीत नव्हतं. ते क्रेनवर होते एवढंच बाईंना ठाऊक. क्रेनवर म्हणजे क्रेनच्या वर नव्हे, खाली. माल बांधायचा, सोडायचा, असं काहीतरी. संध्याकाळी घरी आले की हात धुवायचे, जेवायचे आणि गप्प बसायचे. कारखाना त्यांनी कधी घरात आणला नाही आणि बाईंनीही कधी खोदून विचारलं नाही. आता मात्र बाईंच्या तोंडून ते शेजाऱ्यांच्या नव्या रंगाबद्दल बोलत, पडद्याच्या कापडाबद्दल बोलत, नातेवाइकांच्या भांडणात कोण चुकलं तेही सांगत. बोलता येत होतं तेव्हा महिनाभरात जितकं बोलले नसतील तितकं हल्ली ते एका दुपारी बोलून टाकत.

बाईंचा आपल्या या विद्येवर विश्वास होता, आणि तो काही हवेतला नव्हता. सगळी हयात त्यांनी बालवाडीत घालवली होती. गल्लीतले लोक, पाववाला, खुद्द मुलीच्या मैत्रिणी, सगळे त्यांना बाईच म्हणत. तीन वर्षांचं पोर येऊन “ताता बूबू गे” म्हणालं, की त्याची आईसुद्धा गोंधळून बघत राही आणि बाई सांगत, “काकानं याचे बूट नेलेत.” आणि काकानं खरोखरच ते दुरुस्तीला नेलेले असत. तेव्हा दवाखान्यातून उस्तादांना घरी आणताना तिथल्या बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं चित्रांचा एक फळा दिला, पाण्याचा पेला, उशी, दार असं बोट ठेवून दाखवायचा, तो बाईंनी त्याच दिवशी कपाटाच्या वर टाकला. “चाळीस पोरांचं कळायचं मला. एका नवऱ्याचं कळणार नाही?” त्या म्हणाल्या. लोक थक्क व्हायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, खुर्चीजवळ घटकाभर बसा आणि बघा, की बाई बोलतात आणि उस्ताद मान डोलावतात!

आता व्हरांड्यात खुर्ची स्थिर झाल्यावर उस्तादांचा डावा हात उचलला गेला. त्यांनी तर्जनी खाली केली आणि हळूहळू गोल फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा.

“आले नाहीत तोच चहा,” बाई कौतुकानं म्हणाल्या. “अगं, थर्मासमधला काढ आधी.”

घर कामगार मंडळाचं होतं. गावापासून लांब, डोंगराच्या कुशीत, उंच सरळ झाडांच्या मधोमध एकटंच. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मध्ये लोखंडी शेगडी, आणि फोनला रेंज हवी असेल तर वरच्या वळणापर्यंत चालत जायचं. दर हिवाळ्यात शनिवार-रविवार धरून उस्ताद आणि त्यांचा मित्र कुटुंबकबिल्यासह इथं येत. मग मित्राची बायको गेली, मग उस्तादांना झटका आला, आणि रिवाज मोडला. या वर्षी मित्रानं फोनवर फोन करून तो परत सुरू करवला होता. बाई तयार झाल्या त्याचं कारण वेगळं होतं. सोमवारी उस्तादांना मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं. डोक्यातल्या एका रक्तवाहिनीचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, केलं तर दुसरा झटका टळेल, कदाचित बोलणंही थोडंफार परतेल. पण वय झालंय, टेबलावर काहीही होऊ शकतं. तुमचा आणि त्यांचा विचार काय तो सांगा. बाईंनी दोघांचाही विचार तिथल्या तिथं सांगितला होता. त्याआधी त्यांना जरा मोकळी हवा मिळेल, एवढ्यासाठी हे दोन दिवस.

बाईंना त्यांचा आवाज परत हवा होता. याहून जास्त त्यांना जगात काही नको होतं, आणि त्या ते कुणाजवळ बोलत नव्हत्या.

मित्र दुपारी उशिरा आला, पाठीवर जळणाचा भारा आणि तोंडानं आरडाओरडा करत. त्याला कारखान्यात कावळा म्हणत आणि घरी कावळेकाका, कारण क्रेन चालवायला तो छताला लागून असलेल्या क्रेनच्या खोपटात दिवसभर बसायचा. आता पोराकडे दुसऱ्या गावी राहत होता. इस्पितळात एकदा येऊन गेला होता, तेव्हा उस्तादांच्या डाव्या हाताला सुई लावून तो पट्टीनं बांधून ठेवलेला होता. त्यानंतर आला नव्हता. आपल्याच्यानं बघवणार नाही म्हणून आला नाही, हे त्यानं बाईंना फोनवर सांगितलं होतं आणि बाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं. पुरुषांची छाती तेवढीच, असं त्यांचं मत होतं.

“काय रे उस्ताद! जाडा झालास की!” कावळेकाका शेगडीजवळच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी मित्राचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले तसे ते जास्तच मोठ्यानं हसले. “वहिनी खायला घालतात म्हणजे बरंच काय काय!”

उस्तादांनी आपला हात हळूच सोडवून घेतला. मित्राकडे टक लावून पाहिलं. मग तर्जनी खाली करून गोल फिरवायला सुरुवात केली.

कावळेकाकांचं हसू तोंडातल्या तोंडात थांबलं.

“झालं!” बाई पदराला हात पुसत आल्या. “तुम्हाला बघितलं आणि चहाची आठवण झाली.”

“चहा?”

“मग काय. ढवळून दाखवतात ना, असं. माझं तर हसून हसून पोट दुखायचं सुरुवातीला.”

“असं कधीपासून करतोय?”

“घरी आणलं त्या उन्हाळ्यापासून. उठवलं की चहा, आंघोळ झाली की चहा, फिजिओवाला आला की चहा. शेवटी साखरच बंद केली मी. एवढी साखर कुणाला सोसणार?”

“आणि तुम्ही दर वेळी देता.”

“म्हणजे काय! त्यांनी मागायचं आणि मी नाही म्हणायचं?” बाईंनी कप आणला, रुमाल हनुवटीखाली लावला आणि एकेक घोट पाजायला लागल्या. उस्ताद पीत होते. त्यांची नजर कपावरून मित्राकडे गेली आणि तिथंच राहिली.

कावळेकाका उठले. “लाकडं ओली आहेत,” ते म्हणाले, “फोडून ठेवतो.” लाकडं चांगली खडखडीत वाळलेली होती. बाहेरून कुऱ्हाडीचा आवाज अंधार पडेपर्यंत येत राहिला. बाईंना जरा रागच आला. एवढा लांबून आलास तो मित्रासाठी की लाकडांसाठी?

रात्रीचं जेवण लवकर झालं. पाव, उकडलेले बटाटे, गरम सूप. मुलीनं सोमवारचा विषय काढला, कुठली गाडी, कुठली खोली, कोण डॉक्टर. जावई तिला दुरुस्त करत होता. भला माणूस. या इस्पितळासाठी त्यानं दोन महिने ओळखीपाळखीचे उंबरे झिजवले होते.

“आणि ह्याला विचारलंत?” कावळेकाका मध्येच म्हणाले.

“विचारलं म्हणजे!” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांच्या समोर विचारलं. लगेच हो म्हणाले.” त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज आपोआप बालवाडीचा झाला, गोल आणि गोड. “ऑपरेशन करायचं ना हो आपण? बरं व्हायचं ना?”

उस्तादांनी मान डोलावली.

“बघा.”

कावळेकाकांनी चमचा खाली ठेवला. “उस्ताद,” त्याच गोड सुरात ते म्हणाले, “ऑपरेशन नाही करायचं ना? घरीच राहायचं ना?”

उस्तादांनी मान डोलावली.

 शेगडीत एक लाकूड तडकलं. बाईंचा चेहरा लाल झाला. “भावजी, आजारी माणसाची चेष्टा करता? दिवसभर दमलेत ते. दमल्यावर होतं असं.”

“चेष्टा नाही वहिनी—”

“मग काय आहे? काही बोलायचं असेल तर सरळ बोला. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.”

 एवढा भोंग्यासारखा माणूस, पण त्याला ते सांगवलं नाही. “उद्या बघू,” ते म्हणाले आणि सूप तसंच टाकून उठले. मुलीनं आईकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे न बघता ताटं गोळा केली. मान कशालाही डोलते हे बाईंना पूर्वी कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. फळा देणाऱ्या त्या दवाखान्यातल्या मुलीनं सांगितलं होतं, की मानेवर जाऊ नका, ती सवयीनं हलते. पण ती पोरगी बावीस वर्षांची. तिला काय ठाऊक चाळीस वर्षांचा संसार म्हणजे काय ते?

रविवारी सकाळी ऊन पडलं. व्हरांड्याच्या कठड्यावरचं दंव वितळून टपटपायला लागलं. कावळेकाकांनी उस्तादांची खुर्ची उन्हात नेली आणि बाई स्वयंपाकघरात कपबश्या विसळायला उभ्या राहिल्या. तिथल्या खिडकीतून व्हरांडा सगळा दिसत होता.

कावळेकाका काहीतरी पोरखेळ करत होते. व्हरांड्याच्या आडव्या तुळईवरून त्यांनी एक दोर टाकला होता, त्याच्या एका टोकाला लाकडाचा जाड ओंडका बांधला होता आणि दुसरं टोक धरून ते लांब पायरीशी उभे होते. बाईंनी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाचं पोर होतं ते असं.

उस्तादांचा हात वर गेला. तर्जनी आकाशाकडे, आणि गोल फिरली. ओंडका वर चढायला लागला. पंजा पसरून आडवा झाला, ओंडका थांबला. अंगठा बाजूला गेला, कावळेकाका दोर घेऊन तसे सरकले. मग तर्जनी खाली झाली आणि गोल फिरायला लागली, सावकाश.

ओंडका खाली आला. फळीवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

बाईंच्या हातातला कप पाण्यात तसाच राहिला.

दुसऱ्यांदा तसंच. बोट वर, ओंडका वर. पंजा आडवा, ओंडका थांबला. बोट खाली, ओंडका खाली. तिसऱ्या खेपेला कावळेकाकांनी दोर जरा जोरात सोडला तेव्हा उस्तादांचा पंजा असा सपकन फिरला की कावळेकाका ओरडले, “हो रे बाबा, हो! अजून तसाच खडूस!” आणि उस्ताद हसले. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते आणि डोळे बारीक झाले होते. पाठ ताठ झाली होती. गेल्या दोन वर्षांत बाईंनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. असं बसलेलंही पाहिलं नव्हतं.

ओंडका आता फळीवर पडला होता आणि दोर ढिला होता. तरी उस्तादांचं बोट खाली वळलं आणि गोल फिरत राहिलं. खाली घ्यायला काही उरलंच नव्हतं, तरी फिरत राहिलं.

कावळेकाकांनी दोर हातातून सोडला. पायरीवर बसले. “कळलं रे,” ते म्हणाले. “कालच कळलं मला.”

बाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. हवेत हात गारठून झोंबायला लागले, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

“भावजी, ही चहाची खूण नाही?”

“नाही वहिनी.”

“मग कशाची?”

कावळेकाकांनी ओंडक्याकडे बोट केलं. “उतरव. माल खाली घे.”  “कारखान्यात आवाज एवढा, की शेजारचा बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. सगळा कारभार हातावर. मला वरून खालचं नीट दिसायचं नाही, मला नुसता ह्याचा हात दिसायचा. सगळी नोकरी मी ह्याच्या हाताकडे बघून केली. खाली माणसं उभी असायची वहिनी. एकाला कधी खरचटलं नाही.”

“पण इथं कुठाय माल? घरात कुठाय? कशाला ते उतरव म्हणतील?”

“ते मी काय सांगू?” मफलरनं त्यांनी नाक पुसलं. “माल लटकता ठेवायचा नाही, एवढा त्याचा हट्ट असायचा. जेवणाचा भोंगा झाला, सगळे पळाले, तरी हा आधी खाली टेकवायला लावायचा. मग डबा उघडायचा.”

“खोटं आहे.” बाईंचा आवाज चिरकला. “चहा नको असता तर ते प्यायले असते का?”

“तोंडाशी धरलात वहिनी. तो काय करणार?”

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. काहीतरी झणझणीत उत्तर द्यावं म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि तो तसाच आत राहिला. कारण आता एकेक आठवायला लागलं होतं. बिछान्यातून बगलेत हात घालून त्या त्यांना उचलत, तेव्हा ते बोट फिरे. न्हाणीघरात नळाखाली बसवून त्या त्यांचं डोकं चोळत, तेव्हा फिरे. रात्री कूस बदलायला उठवत, तेव्हा फिरे, आणि बाई अर्धवट झोपेत म्हणत, “आत्ता नाही हं मिळणार चहा, सकाळी.” आणि डॉक्टरांच्या खोलीत. डॉक्टर समजावून सांगत होते, कवटीला इथं छेद घेणार, मग असं, मग तसं, आणि उस्तादांनी हात वर केला होता, बोट खाली केलं होतं, कितीतरी वेळ फिरवलं होतं. “ह्यांना चहा हवाय,” असं बाईंनी डॉक्टरांना सांगितलं होतं. सगळे हसले होते. डॉक्टरसुद्धा हसले होते.

बाई त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. बालवाडीत पोरासमोर बसायच्या तशा. मग त्यांना कसंसंच वाटलं. त्या उठल्या, आतून स्टूल ओढून आणलं आणि त्यांच्या बरोबरीनं समोर बसल्या.

“उद्या तुम्हाला ऑपरेशनला न्यायचं ठरलंय,” त्या म्हणाल्या. पुढचं ‘हो ना’ जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. आवाजातला गोडवाही काढून टाकला. तो काढल्यावर स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. “तुम्ही काय ते सांगा.”

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं. पंजा पसरला आणि आडवा फिरवला, घाई न करता. मग बोट खाली वळलं.

कावळेकाकांनी तोंड दरीकडे फिरवलं. अर्थ सांगायला आता त्यांची गरज नव्हती.

“नाही केलं तर परत झटका येईल,” बाई म्हणाल्या. “आज येईल, उद्या येईल, केव्हाही येईल. तुम्ही राहणार नाही.”

बोट फिरत राहिलं, अगदी सावकाश.

“आणि मी काय करू?”

या प्रश्नाला कारखान्यात खूण नव्हती. उस्तादांचा हात जरासा हवेत अडखळला आणि शालीवर येऊन पडला. बाई रडल्या. पदर तोंडात धरून, आत मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून, पण मनसोक्त रडल्या. आवाज परत येईल या आशेवर त्यांनी दोन वर्षं काढली होती. रात्री कूस बदलून झाली की अंधारात पडल्या पडल्या त्या ठरवत, की बोलता यायला लागल्यावर हा माणूस पहिलं काय म्हणेल. बहुतेक वेळा तो म्हणे, ‘तुझ्यामुळं वाचलो.’ आणि तो माणूस इथं, शेजारी बसून, ज्या हातानं बोलता येत होतं त्या हातानं दोन वर्षं सांगत होता, आणि बाई त्यावर चहा ओतत होत्या.

“उतरवल्यावर काय करायचात तुम्ही?” बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

“हा गाठ सोडायचा,” कावळेकाका पाठमोरेच म्हणाले. “मग मी रिकामा हूक वर घ्यायचो. संपलं.”

मुलीला सांगणं सर्वांत कठीण गेलं. ती सामान बांधत होती, इस्पितळाची पिशवी वेगळी काढून दाराशी ठेवली होती. आईचं ऐकून तिला आधी काही कळेचना, आणि कळलं तेव्हा ती भडकली.

“काकांनी काहीतरी डोक्यात भरवलंय तुझ्या! लाकूड वरखाली केलं म्हणून ऑपरेशन रद्द? आई, तूच म्हणालीस ना, बाबा हो म्हणाले?”

“मी म्हणाले,” बाई म्हणाल्या. “ते नाही म्हणाले.”

“मग ह्याच्याआधीचं? दोन वर्षं तू जे जे सांगत होतीस ते? माझ्या नव्या घराला बाबांनी पसंती दिली, तू सांगितलंस. मी नोकरी सोडली तेव्हा बाबा म्हणाले काळजी करू नको. मी त्यावर— आई, ते पण?”

  मुलगी पलंगावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. एका सकाळीत तिचा बाप दुसऱ्यांदा मुका झाला होता. बाई तिच्याजवळ बसल्या, केसांवरून हात फिरवायला गेल्या, आणि तिनं तो फिरवू दिला हेच पुष्कळ झालं.

 जावई व्हरांड्यात गेला, सासऱ्यांसमोर खुर्ची घेऊन बसला आणि त्यानं स्वतः विचारलं. काय विचारलं, कसं विचारलं, ते आत ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा त्यानं कोट चढवला आणि फोन खिशात टाकला. “वळणावर जाऊन येतो,” तो म्हणाला. “त्यांना कळवायला हवं. खोली अडवून ठेवलीय आपण.” दाराशी ठेवलेली पिशवी जाता जाता त्यानं उचलून बाजूला केली. खिडकीतून बाई त्याला चढ चढताना बघत राहिल्या, झाडांआड जाईपर्यंत. अजून हाक मारता येईल, असं त्यांना दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली.

दुपारी निघायची तयारी झाली. शेगडी विझवून राख काढली, गाद्या गुंडाळल्या. खुर्ची पायऱ्यांवरून उतरवताना या वेळी बाई काही बोलल्या नाहीत, आणि मुलगी आणि जावई उतरवताना जरा धडपडले. उस्तादांना गाडीत पुढच्या बाजूला बसवलं, पट्टा लावला. कावळेकाका घराच्या मागच्या बाजूच्या खिडक्या लावायला गेले होते. तिकडून झडपा आपटल्याचे आवाज येत होते.

काच खाली होती. उस्तादांनी डावा हात बाहेर काढला. दोन बोटं जुळवली, तळहात वर केला आणि मनगटातून दोनदा हलवला. हे वर घ्यायचं नव्हतं, थांबायचं नव्हतं, आणि उतरवायचंही नव्हतं.

मुलगी मागचं दार उघडून उभी होती. डोळे सुजलेले. पण सवय कुठं जाते? “आई,” ती म्हणाली, “काय म्हणतायत बाबा?”

जावईही वळून बघायला लागला. बाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं. गार वारा लागतोय, काच वर करा. किंवा, परत येऊ म्हणतायत पुढल्या वर्षी. एकाहून एक चांगली उत्तरं होती, आणि त्यातलं कुठलंही दिलं असतं तरी मुलीनं या क्षणी ते आनंदानं घेतलं असतं.

“मला नाही माहीत,” बाई म्हणाल्या.

“काकांना बोलावू?”

“नको. थांब जरा.”

त्या गाडीच्या पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूला आल्या आणि काचेच्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वाकल्या नाहीत, शाल सारखी केली नाही, काही बोलल्याही नाहीत. नुसतं त्या हाताकडे बघत राहिल्या. उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तीच खूण पुन्हा केली, नव्यानं कामाला लागलेल्या माणसाला करून दाखवतात तशी, सावकाश.